वजन खरे सांगा, हात सुटे ठेवा

डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला की घरात पहिला सवाल निघतो तो रेडिएशनचा. किती लागेल, केस तर गळणार नाहीत ना, सहा महिन्यांपूर्वीच एक झाला, आता परत कसा करायचा? मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडून पेशंटला पनवेल किंवा मुंबईला न्यायचे म्हणजे पहाटेची गाडी, डब्यात भाकरी आणि सगळ्यांच्या जिवाला घोर. सेंटरवर पोहोचल्यावर फॉर्म पुढे येतो. नाव, वय, आजार वगैरे नीट लिहिले जाते आणि वजनाच्या रकान्यात मुलगा अम्मीकडे एक नजर टाकून लिहितो, साठ. त्या रकान्याला कोणी भीत नाही. आमचे म्हणणे असे की थोडे भ्यायचेच असेल तर तिथे भ्यावे.

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतो. तिथे दोन गोष्टी मुख्य असतात, चुंबक आणि रेडिओच्या लहरी. चुंबक किती मोठे ते आपल्या रायगडकरांना अलिबागवरून सांगता येईल. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार, त्यांच्या विजेने चुंबकाच्या नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याचे ते काम अलिबागला हलवले आणि १९०४ मध्ये तिथे वेधशाळा सुरू झाली. पृथ्वीचे जे बारीक चुंबकत्व तिथे मोजतात, त्याच्या तीस हजार पटींहून जास्त चुंबकत्व १.५ टेस्लाच्या यंत्रात असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनच्या सिलिंडरसह एक तरुण नातेवाईक यंत्राकडे ओढला गेला आणि जिवाला मुकला. ती बातमी सगळ्यांच्या लक्षात राहिली. चुंबकाची धास्ती म्हणून बऱ्यापैकी आहे. रेडिओ लहरींकडे मात्र कोणाचे लक्ष नसते, कारण त्या दिसत नाहीत आणि काही ओढत नाहीत.

१.५ टेस्लाचे यंत्र साधारण ६४ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडते, ३ टेस्लाचे १२८ च्या. रेडिओवरचे एफएम स्टेशन या दोहोंच्या मधे कुठेतरी लागते. या लहरी एक्स-रेसारख्या पेशींची मोडतोड करत नाहीत, केसही गळत नाहीत. त्या शरीर गरम करतात. किती गरम, याचा हिशेब दर किलो वजनामागे किती वॉट शक्ती शरीरात मुरली असा ठेवतात. नेहमीच्या तपासणीत सबंध शरीराला दर किलो २ वॉट ही आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ४ पर्यंत जाता येते. डोक्यासाठी ३.२. स्वस्थ पडलेले शरीर स्वतःच दर किलोला साधारण एक वॉट उष्णता तयार करत असते, त्यावरून अंदाज यावा. शरीराचे आतले तापमान नेहमीच्या तपासणीत अर्ध्या अंशापेक्षा जास्त वाढू नये, असा या मर्यादेमागचा हेतू आहे.

आता ही उष्णता मोजतात कशी? पेशंटच्या शरीरात काही थर्मामीटर खोचलेले नसतात. यंत्र किती शक्ती सोडली, किती परत आली हे बघते, शरीरात किती राहिली असेल ते काढते आणि त्याला वजनाने भागते. म्हणजे हा अंदाज आहे, आणि त्यातला भाजक आपण फॉर्मवर लिहिलेला आकडा असतो. सोपा हिशेब करून बघू. समजा शरीरात १२० वॉट मुरले. वजन ६० किलो लिहिले असेल तर यंत्र म्हणेल, दर किलो २ वॉट, ठीक आहे. पण आजाराने झिजून अम्मी खरोखर ४५ किलोची झाली असेल तर तिच्या वाट्याला २.६७ वॉट आले. पडद्यावर सगळे मर्यादेत आणि आत माणूस मर्यादेबाहेर. वजन कमी लिहिले तर उलटे होते, यंत्र उगाच हात आखडता घेते आणि तपासणी लांबते. तेही बरे नाही, पण त्यात भाजण्याचा धोका वाढत नाही. बारीक झालेली म्हातारी माणसे आणि लहान मुले यांचे वजन अंदाजाने सांगण्यात म्हणूनच जास्त धोका आहे. ‘वजन काट्यावर करून लिहा’ असे तिथल्या माणसाला सांगायला लाजू नये.

आणि बरोबर वजन दिले तरी तो आकडा सरासरीचा. शरीर सगळीकडे सारखे तापत नाही. कुठे जास्त तापेल हे जाणण्यासाठी संशोधक संगणकात माणसे तयार करतात. स्वित्झर्लंडच्या एका संस्थेने खऱ्या माणसांच्या एमआरआयवरून असे एक कुटुंबच घडवले आणि २०१० मध्ये ते प्रसिद्ध झाले. ३४ वर्षांचा ड्यूक, २६ वर्षांची एला, ११ वर्षांची बिली आणि ६ वर्षांचा थेलोनियस. त्यांच्या अंगावर लहरी सोडून गणिते मांडतात. पुढे आणखीही शरीरे तयार झाली. पण आपल्या श्रीवर्धनच्या दादीचे वाकलेले, पंचेचाळीस किलोचे शरीर त्या चौघांत नाही, आणि एलाच्या दंडाला तावीजही बांधलेला नाही.

तावीजाचे थोडे स्पष्टच लिहितो, कारण सेंटरच्या दारात यावरून वाद होतात. चांदी किंवा तांब्याचा तावीज चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा तो चालेल असा समज असतो. पण ओढले जाणे वेगळे आणि तापणे वेगळे. रेडिओ लहरी धातूत वीज खेळवतात आणि त्याखालची कातडी भाजू शकते. अंगठ्या, पैंजण, जरीची किनार, अंगाला चिकटलेली औषधाची पट्टी, जिच्या पाठीला कधी कधी चंदेरी वर्ख असतो, सगळ्याचे तेच. दुआ सोबत जाते, तावीज सूनबाईच्या हाती ठेवायला हरकत नाही. स्कार्फच्या टाचण्या काढाव्यात, आणि हल्ली मिळणारे चुंबकाचे क्लिप तर दाराबाहेरच. केस झाकायचे असतील तर साधी सुती ओढणी, जरीविना, टाचणीविना चालेल का हे आधी विचारून घ्यावे. महिला कर्मचारी हवी असेल तर तेही नंबर लावतानाच सांगावे, आयत्या वेळी नाही. सुरमा-काजळ धुऊन जावे. डोळ्यांच्या रंगांत लोहाचे कण असू शकतात, त्याने डोळा चुरचुरतो आणि चित्रही बिघडते.

याहून कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे हात. नळीत शिरल्यावर घाबरलेले माणूस बोटांत बोटे गुंफते किंवा नमाजसारखे हात बांधून घेते. हाताला हात लागला की हात-खांदे-छाती मिळून एक कडे तयार होते, त्यातून वीज फिरते आणि उघडी कातडी जिथे टेकते नेमकी तिथे भाजते. मांड्यांचेही असेच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे एमआरआयबद्दल आलेल्या तक्रारींत भाजण्याच्याच तक्रारी सर्वाधिक आहेत. म्हणून हात दोन बाजूंना सुटे ठेवावेत, मांड्यांमध्ये आणि अंग यंत्राच्या भिंतीला लागत असेल तर तिथेही, गादी किंवा कोरडे सुती कापड मागून घ्यावे. जिक्र मनातल्या मनात करावा, तसबीह बाहेर.

हातात एक रबरी फुगा देतात. कुठेही चटका बसतोय असे वाटले की तो दाबायचा. ‘थोडे सहन करा’ हे आवाजाबाबत ठीक, चटक्याबाबत नाही. पण ज्यांना डायबिटीसने पायाची जाण गेली आहे त्यांना चटका कळणारच नाही, त्यांचे आधी सांगून ठेवावे. अंगात ताप असेल, बाई गरोदर असेल, तेही सांगावे. खोली गरम असेल तर वरची मर्यादा खाली आणायची असते. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही हे आपल्याला वेगळे सांगायला नको. एसी बंद पडलेल्या खोलीत निमूट झोपू नये.

शेवटी शरीराच्या आतल्या धातूचे. पेसमेकर, हाडातला रॉड, कानातले यंत्र, डोक्यातली क्लिप यांतले काही चालते, काही विशिष्ट मर्यादेतच चालते, काही अजिबात नाही, आणि ते कंपनी व मॉडेल कळल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. आपल्याकडे अडचण ही की ऑपरेशन झालेले असते कुवेत किंवा दुबईला, आणि कार्ड राहते तिकडच्या खोलीतल्या बॅगेत. तपासणीची तारीख मिळाली त्याच दिवशी ते कार्ड शोधायला लागा. तिकडच्या रुग्णालयातून कागद मागवायचा असेल तर कुवेतचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, आणि शुक्रवार-शनिवार तिकडच्या कचेऱ्या बंद असतात.