फेरी नार्व्यापर्यंत न्यावी

पणजीच्या फोंताइन्हास भागातून आणि मांडवीतील दिवाडी बेटावरून हल्ली वाटाड्यासह प्रवाशांच्या सायकल-फेऱ्या निघतात. उपक्रम स्तुत्य आहे. मोटारीतून गाव नुसते दिसते; सायकलीवरून ते ऐकूही येते, आणि गाणे शिकविणाऱ्यास याचे मोल अधिक.

माझी तक्रार आहे ती मार्गाविषयी. दिवाडी हे कदंबांच्या सप्तकोटीश्वराचे जुने स्थान. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले. लिंग नदीपार, आजच्या डिचोली तालुक्यातील नार्व्यास गेले, आणि तेथे १६६८ साली शिवछत्रपतींनी देवालय नव्याने बांधविले. म्हणजे अर्धी कथा बेटावर, अर्धी पैलतीरी. मध्ये फेरीबोटीचा थोडा प्रवास, आणि त्या बोटीवर सायकलही चढते! तरी मंडळी बहुधा चर्च व रंगीत घरे पाहून माघारी वळतात. अस्ताई गाऊन अंतऱ्याआधीच तंबोरा खाली ठेवावा, तसे हे झाले.

आपल्यापैकी कित्येक घराण्यांची कुलदैवते गोव्यात आहेत. त्यांची मुले रंगीत भिंतींपुढे छायाचित्रे काढून परततात आणि गोवा म्हणजे एवढेच, असे समजतात. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार २०२३ मध्ये पुरा झाला. ती दीपमाळ त्यांना कोणी दाखवावयाची?

फेरी नार्व्यास न्यावी, तेथून डिचोलीच्या पेठेत. वाटाड्या गावातलाच असावा. पेडण्यास मात्र वेगळा दिवस द्यावा. १७८८ पर्यंत तो मुलूख सावंतवाडीकरांचा. आणि भगवतीच्या देवळापुढचे दोन दगडी हत्ती घाईने पाहण्याजोगे नाहीत.