बेने इस्रायल आणि ‘विसरलेला’ धर्म

कोकणातील बेने इस्रायल समाजाविषयी एक वाक्य वर्षानुवर्षे उगाळले जाते : हे लोक आपला यहुदी धर्म विसरून गेले होते, बाहेरून आलेल्या दाविद राहाबीने तो त्यांना पुन्हा शिकविला. गंमत अशी की, या विधानाच्या पुष्ट्यर्थ जी कथा सांगतात तीच त्याला खोटे पाडते.

राहाबीने म्हणे परीक्षा घेण्यासाठी स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे रांधावयास घेतले, बाकीचे बाजूस सारले. पर व खवले ही तोराहची अट. मग गुरुजी येण्यापूर्वी या स्त्रियांना ती कोणी शिकविली होती? (राहाबी नेमका कोण आणि कोणत्या शतकातला, यावरही अभ्यासकांचे एकमत नाही, ते असो.)

विसर पडला होता तो हिब्रू ग्रंथांचा, आचाराचा नव्हे. हे तेली शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. ‘शेमा’ ही प्रार्थना तोंडपाठ होती.

आणि सणांची नावे पाहावीत! योम किप्पूर हा ‘दारफळणीचा सण’, म्हणजे दारे लावून घेऊन कडक उपवास करण्याचा दिवस. पेसाह हा ‘अनाशी ढाकाचा सण’, म्हणजे आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्याचा. पेसाहात आंबविलेले वर्ज्य, हा अवघा नियम त्या झाकणात सामावला आहे. हिब्रू शब्द नाही म्हणून धर्मही नाही, असे मानणाऱ्यांना मराठी कळत नाही, इतकेच म्हणता येईल.

मलिद्याच्या विधीलाही ‘हिंदूंकडून उसना’ म्हणून नाके मुरडली जातात. शब्द फारसी, ताटातले पोहे-गूळ-खोबरे कोकणचे, स्मरण एलियाहू हानबीचे. उसने नेमके कोणाचे? अर्थात या समाजाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही; त्याने स्वतःत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद पाळलाच होता.

पण ‘विसरलेले’ या शिक्क्याची किंमत जिवंत माणसांनी मोजली आहे. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींनी आदेश काढला : बेने इस्रायल व्यक्तीस समाजाबाहेरील यहुद्याशी विवाह करावयाचा असेल, तर आधी तिच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. शनिवारी घाणा न फिरविणाऱ्यांच्या वंशजांकडे यहुदी असल्याचा पुरावा मागितला गेला. १९६४ मध्ये ही माणसे जेरुसलेममध्ये आंदोलनास उतरली. ते सर्वार्थाने यहुदी आहेत असे संसदेने जाहीर केले, तेव्हा कुठे रब्बींनी आदेशातून समाजाचे नाव वगळले.