स्पीड वाढला म्हणे! मग डब्याचं भाडं कोणी भरायचं?



पोस्ट मोठी आहे. ज्यांचं नेट स्लो आहे त्यांनी लोड होईपर्यंत चहा टाकून यावं.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत सगळ्यांना एकाच दिवशी मेसेज आला. 'अभिनंदन! तुमचा स्पीड ५० वरून १५० एमबीपीएस करण्यात आला आहे, त्याच पैशात.' ग्रुपवर अंगठे, फुलं, हात जोडलेले, सगळं झालं. मी दोन दिवस थांबलो आणि स्पीड टेस्ट मारली. हॉलमध्ये ४१. आतल्या खोलीत १८. अहो, मेसेज यायच्या आधीही एवढंच येत होतं!

फोन केला. पलीकडचा मुलगा गोड बोलतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. म्हणाला, "काका, तुमचा राउटर जुना झालाय. नवीन ड्युअल बँड लावून देतो. महिना १०० रुपये भाडं, प्लस जीएसटी."

मी म्हटलं, "जुना राउटर कोणाचा आहे?"

"आमचाच."

"म्हणजे तुमच्या डब्यातून तुमचाच स्पीड बाहेर येत नाही, आणि त्याचे पैसे मी द्यायचे?"

"काका, आमच्याकडून स्पीड पूर्ण येतोय."

आता गंमत बघा. तो खोटं बोलत नव्हता. फायबरमधून १५० येतच असणार. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली आणि बाथरूमच्या नळाला करंगळीएवढी धार, तसा प्रकार. पण नळ कोणी बसवला? टाकीवाल्यानेच ना?

डबा उलटा करून मागचं स्टिकर वाचलं. फक्त २.४ गिगाहर्ट्झ, आणि मागचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचे. म्हणजे वायर लावून लॅपटॉप जोडला तरी १०० च्या वर आकडा जाणं शक्यच नाही. तिथे १५० चा प्लॅन 'अपग्रेड' करून देणं म्हणजे लोकलचे डबे वाढवले पण फलाट तेवढाच ठेवला. वायफायचं तर विचारूच नका. २.४ मध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनेल मोजून तीन: १, ६ आणि ११. आमच्या एका मजल्यावर चार फ्लॅट, वर चार, खाली चार, समोरची बिल्डिंग हाताच्या अंतरावर. तीस-चाळीस राउटर या तीन चॅनेलवर एकाच वेळी ओरडताहेत. खोक्यावर ३०० लिहिलेलं असलं तरी घरात ४० मिळाले तर देव पावला म्हणायचं. ५ गिगाहर्ट्झला गर्दी कमी आणि वेग जास्त, पण आरसीसीची एक भिंत मध्ये आली की तो मलूल होतो. त्यामुळे डबा कुठे ठेवलाय हेही महत्त्वाचं आहे. आमच्याकडे अर्ध्या घरांत तो चपलांच्या कपाटावर असतो, कारण वायर तिथूनच आत आली.

आणि एक जुनं दुखणं. १५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १५० एमबी नव्हे. ते मेगाबिट आहेत, आठने भागा. जेमतेम पावणेएकोणीस एमबी. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही. सरकारचंही असंच. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला 'ब्रॉडबँड' म्हणत होते, आणि किमान २ एमबीपीएसची व्याख्या यायला २०२३ साल उजाडलं! त्यामुळे 'हाय स्पीड ब्रॉडबँड' या शब्दांना कायद्याच्या भाषेत किती वजन आहे ते तुम्हीच ठरवा.

असो. मुद्दा भाड्याचा.

ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी मला सुनावलं, "अहो, १०० रुपयांसाठी काय भांडताय, एक मिसळ येते तेवढ्यात." बरं, हिशेब मांडू. जीएसटीसकट ११८ रुपये. तीन वर्षं म्हणजे ३६ महिने. ४,२४८ रुपये. बाजारात गिगाबिट पोर्ट असलेला बरा ड्युअल बँड राउटर दीड ते अडीच हजारांत मिळतो. दोन हजारांचा धरला तर सतराव्या महिन्यात पैसे वसूल, आणि डबा आपला. भाड्याचा डबा तीन वर्षांनीही त्यांचाच राहतो, आणि चौथ्या वर्षी परत 'काका, तुमचा राउटर जुना झालाय'. आमच्या तीन विंगमध्ये मिळून या ऑपरेटरची ६२ कनेक्शनं आहेत. सगळ्यांनी हो म्हटलं तर महिन्याला ६,२०० आणि वर्षाला ७४,४०० रुपये, नुसतं डब्यांचं भाडं, टॅक्स वेगळा. एवढ्या मिसळी कोण खातंय?

पण थांबा. 'भाडं म्हणजे लूट, विकत घ्या' असं सरसकट मी म्हणणार नाही, कारण ते चूक आहे. जो अकरा महिन्यांच्या करारावर राहतो आणि पुढे बंगळुरूला जायचं की पुण्याला हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ११८ गुणिले ११ म्हणजे १,२९८ रुपयांत डोक्याचा ताप टळतो. जूनमध्ये विजा कडाडल्या आणि डबा जळला तर भाड्याच्या डब्याची जबाबदारी ऑपरेटरची. म्हणजे असायला हवी. ते आधी लिहून घ्या, नाहीतर 'काका, लाइट तुमची होती' हे ऐकायची तयारी ठेवा. ज्या घरात दोघंच ज्येष्ठ आहेत, मुलं परदेशात आहेत आणि राउटरचं पासवर्ड पान उघडायचं म्हटलं की घाम फुटतो, त्यांनी भाडं दिलं तर त्यांना शहाणपणा शिकवणारा मी कोण?

माझी तक्रार आहे ती निवड न देण्याबद्दल. घरात दोन वस्तू असतात हेच बहुतेकांना माहीत नाही, आणि ऑपरेटर ते सांगत नाही. एक, जिथे फायबर येऊन संपते ती ओएनटी. दुसरी, वायफाय देणारा राउटर. कधी दोन वेगळे डबे असतात, कधी एकातच दोन्ही. ओएनटी ही ऑपरेटरच्या यंत्रणेचा भाग आहे. पलीकडच्या त्याच्या मशीनमध्ये तिचा सीरियल नंबर नोंदवावा लागतो, त्याशिवाय ती चालत नाही. दुकानातून कुठलीही आणून लावता येत नाही. मग जी वस्तू मी निवडू शकत नाही, विकत घेऊ शकत नाही, दुसऱ्याकडे वापरू शकत नाही, तिचं भाडं माझ्याकडून कशाबद्दल? वीज मीटर बदलायला मीटर तुमच्याकडून मागतात का? प्लॅन १५० चा केला तर १५० पेलणारी ओएनटी फुकट बदलून देणं हे ऑपरेटरचं काम. त्याच्यापुढे राउटर कोणता लावायचा ते मी बघतो. आणि हे दोन वेगळे केले नाहीत तर नुकसान कसं होतं बघा. आमच्या मजल्यावरच्या एकांनी तडकाफडकी साडेतीन हजारांचा राउटर आणला, तो १०० च्या पोर्टच्या ओएनटीला जोडला आणि ९३ वर अडकले. आता राउटरवाल्याला शिव्या देताहेत.

जगात हे भांडण होऊन गेलंय. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे की ग्राहक स्वतःचा राउटर किंवा मोडेम लावू शकतो, कंपनी तिचाच डबा गळ्यात मारू शकत नाही. अमेरिकेत केबल इंटरनेट जोरात. माझा भाचा न्यू जर्सीला गेला, तर पहिल्याच महिन्याच्या बिलात मोडेमचं दहा-पंधरा डॉलर भाडं. त्याने कंपनीच्या मान्य यादीतला मोडेम विकत आणला, जुना परत केला, पावती जपून ठेवली. तिथे २०१९ च्या डिसेंबरात कायदा झाला की ग्राहक स्वतःचा डबा वापरत असेल तर डब्याचं भाडं लावायचं नाही. त्यासाठी कायदा करावा लागला म्हणजे काय चाललं असेल ते समजा! आणि आपल्याकडेही हे नवीन नाही. बीएसएनएलच्या जुन्या टेलिफोन वायरवरच्या ब्रॉडबँडच्या काळात मोडेम भाड्याने की विकत, हे ग्राहकाला निवडता यायचं. सरकारी खात्याला जे जमत होतं ते आमच्या चकचकीत ऑपरेटरला का जमू नये?

आता जे मला खरं खटकतं ते. आमच्या शेजारच्या काकू, वय ७४, फॅमिली पेन्शनवर राहतात. नातीची ऑनलाइन परीक्षा मधेच तुटली म्हणून त्यांनी ऑपरेटर बदलला. जुन्याकडे डिपॉझिट १,५०० रुपये. तीन महिने फेऱ्या मारताहेत. आधी 'माणूस गावाला गेलाय', मग 'डबा परत करा', डबा दिला तर 'डब्याला चरे आहेत', आणि आता 'पावती दाखवा'. पावती त्यांना कधी दिलीच नव्हती. १,५०० रुपये म्हणजे त्यांच्या बीपीच्या आणि शुगरच्या दीड महिन्याच्या गोळ्या. मिसळवाल्या सद्गृहस्थांनी हे जरा परत वाचावं.

ट्रायचे सेवा गुणवत्तेचे नवीन नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत. त्यात कनेक्शन बंद केल्यावर डिपॉझिट परत करायची मुदत ४५ दिवस आहे. आपला केबलवाला बहुतेक वेळा फ्रँचायझी असतो, परवाना असतो तो पावतीवर नाव असलेल्या कंपनीचा. त्यामुळे गल्लीतल्या ऑफिसच्या फेऱ्या मारू नका, कंपनीच्या कॉल सेंटरला तक्रार करून डॉकेट नंबर घ्या. तो नंबर नसेल तर तुमची तक्रार झालीच नाही असं समजा. तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि 'टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत' असं कोणी तोंडावर फेकलं तर सांगा, सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या चालतात असं स्पष्ट केलंय.

आता थोडं आपल्याच लोकांबद्दल. आमच्या कमिटीने गेली चार वर्षं दुसऱ्या ऑपरेटरला डक्टमधून वायर टाकू दिली नव्हती. कारण काय, तर 'वायरींचं जाळं नको'. वायरींचं जाळं नको हे मान्य. पण त्याच काळात जुन्या ऑपरेटरने गणपतीच्या मांडवाचा खर्च उचलला हेही सगळ्यांना माहीत आहे. एकच दुकान असलं की दुकानदार भाव ठरवतो, त्यात नवल ते काय? यंदा दुसरा आला आणि पंधरा दिवसांत पहिल्याचा 'फुकट अपग्रेड'चा मेसेज आला. योगायोग म्हणा हवं तर.

वायर जोडायला येणाऱ्या पोरांवर मात्र कोणी आवाज चढवू नका. २६ जुलैच्या आठवड्यात रात्री साडेअकराला भर पावसात शिडीवर चढून फायबर जोडणारा मुलगा आमच्या बिल्डिंगने बघितलाय. भाड्याचे १०० रुपये त्याच्या खिशात जात नाहीत. छोट्या ऑपरेटरचंही मार्जिन पूर्वीसारखं राहिलेलं नाही, मोठ्या कंपन्यांनी भाव पाडलेत. मान्य. मग प्लॅनचा दर ५० रुपयांनी वाढवा आणि तसं तोंडावर सांगा, आम्ही देऊ किंवा नाही देऊ. पण दर तोच दाखवायचा, स्पीड वाढला म्हणून टाळ्या घ्यायच्या आणि मागच्या दाराने डब्याचं भाडं लावायचं, हे नको.

आणखी एक, 'राउटर फुकट' या पाटीला भुलू नका. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घेतात, इन्स्टॉलेशनचे हजार परत न मिळणारे असतात, त्यातच राउटर बसतो. कनेक्शन सोडलं की तो 'फुकट' राउटर परत मागतात!

येत्या रविवारी सकाळी १० वाजता आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बसतोय. ऑपरेटरच्या मॅनेजरलाही बोलावलंय, येतो म्हणालाय. मागण्या तीन. वाढवलेला स्पीड न पेलणारी ओएनटी विनामूल्य बदलून द्या. स्वतःचा राउटर लावणाऱ्याकडून भाडं घेऊ नका आणि बिलात भाडं वेगळ्या ओळीत दाखवा. काकूंसकट सगळ्यांच्या डिपॉझिटची पावती द्या, सोडून गेलेल्यांचे पैसे परत करा.

आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या कोणालाही यायचं असेल तर या. येताना डबा उलटा करून मागच्या स्टिकरचा फोटो काढून आणा, आणि शक्य असेल तर वायर लावून लॅपटॉपवर एकदा स्पीड टेस्ट घ्या, वायफायवरची नको, मॅनेजर ती मान्य करणार नाही. बिलाचा फोटो कमेंटमध्ये टाकलात तरी चालेल, फक्त ग्राहक क्रमांक आणि मोबाईल नंबर झाकून टाका. ज्यांना वायरवरची टेस्ट कशी घ्यायची कळत नाही त्यांनी शनिवारी संध्याकाळी सातनंतर माझ्याकडे या. केबल माझ्याकडे आहे, लॅपटॉपही आहे.