घरात फोन एक, शिकणारी पोरं तीन

शेतकरी बंधूंनो, पोरांचा अभ्यास फोनवर येतो हे तुम्हांला ठाऊकच आहे. २०२० साली कोरोनाने शाळा बंद पडल्या, तेव्हा जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी व्हॉट्सअ‍ॅपवर धडे धाडले. काहींनी त्याआधीच स्वतःचे ब्लॉग काढले होते. परितेवाडीच्या (जि. सोलापूर) रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. काम चांगलेच आहे.

पण फोन दिवसभर बापाच्या खिशात, शिवारात. रात्री घरी आला की आधी थोरल्या पोराच्या हाती. पोरीची पाळी शेवटी. शिवाय ब्लॉग गुरुजींच्या नावाचा. त्यांची बदली झाली की पोरांचे लिखाणही गेले!

उपाय गावातच आहे. सरपंचांनी वाचनालयात एक संगणक ठेवावा, संध्याकाळी दोन तास पोरांना मोकळा करावा, त्यातला एक मुलींसाठी राखावा. ब्लॉग शाळेच्या नावाने काढावा. पासवर्ड मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीकडे ठेवावा. या समितीत किमान ७५ टक्के पालक असतात, तेव्हा विचारायचा हक्क तुमचाच. फोटो टाकण्याआधी आईबापाला विचारावे. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, असे २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही सांगतो.

येत्या ग्रामसभेत रस्ता-गटारीबरोबर हाही विषय घ्या. गुरुजी बदलतील, शाळा गावाचीच राहणार आहे.