आपला संघ कोणता?

काही माणसांना आपला फुटबॉल संघ निवडावाच लागत नाही. कोल्हापूरच्या पेठांत वाढलेल्या मुलाचे उदाहरण घ्या. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशा तालमींचे संघ तेथील शाहू स्टेडियमवर खेळतात. घरातील वडीलधारी माणसे ज्या संघाच्या पाठीशी असतात, त्याच संघाच्या पाठीशी मूलही उभे राहते. आडनाव मिळावे तसा संघही त्याला मिळतो.

परंतु हेच मूल मोठे होऊन पोटापाण्यासाठी कोलकात्याला किंवा बेंगळूरुला गेले, तर? किंवा ज्या संघावर जीव लावला तो संघच उरला नाही, तर? हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड संघ २०१० मध्ये बंद झाला. १९९६-९७ ची पहिलीच लीग जिंकणाऱ्या, पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी संघावर २०११ मध्ये तीच वेळ आली. दोन्ही संघ उद्योगसमूहांचे होते. मालकांनी निर्णय घेतला आणि चाहते पोरके झाले. अशा वेळी व्यावसायिक फुटबॉलमधील नवा संघ कोणत्या कसोटीवर निवडावा?

‘जो जिंकतो तो निवडावा’ असे अनेक जण म्हणतात. मात्र विजेता दरवर्षी बदलतो. मग आपली निष्ठाही दरवर्षी बदलायची काय? दुसरे काही जण दूरचित्रवाणीवर दिसणारा युरोपातील एखादा नामांकित संघ आपला मानतात. त्या संघांचा खेळ उच्च दर्जाचा असतो, हे मान्यच करायला हवे. तो अवश्य पाहावा, त्यातून खेळाची जाणही वाढते. पण खेळ आवडणे वेगळे आणि संघ आपला असणे वेगळे.

माझ्या मते, ज्या संघाच्या पराभवाच्या दिवशी आपण मैदानावर हजर राहू शकतो, तो संघ आपला. म्हणूनच निवड करताना आपण राहतो त्या गावाचा किंवा शहराचा विचार प्रथम करावा.

लंडनमधील विम्बल्डन संघ मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलवण्यास २००२ मध्ये परवानगी देण्यात आली. त्या संघाच्या अनेक चाहत्यांनी दूर गेलेल्या संघामागे जाण्याचे नाकारले. त्यांनी त्याच वर्षी ‘एएफसी विम्बल्डन’ हा स्वतःचा संघ उभारला आणि खालच्या पातळीवरील एका स्थानिक लीगपासून प्रारंभ केला. २०११ मध्ये हा संघ इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये आपल्या मूळ परिसरातील मैदानावर परतला. चाहत्यांनी मोठेपणापेक्षा जवळीक निवडली होती.

परक्या शहरात संघ माणसाला काय देतो, हे कोलकात्यात दिसते. तेथील ईस्ट बंगाल क्लबची स्थापना १९२० मध्ये झाली. १९४७ च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या असंख्य निर्वासितांना सुटलेल्या भूमीचे नाव या संघात सापडले. घर गेले होते, ओळख मात्र मैदानावर टिकून राहिली.

आपल्यापैकी अनेकांनी शिक्षणासाठी वा कामासाठी गाव सोडले असेल. नव्या शहराचा संघ आपला म्हणणे ही जुन्या गावाशी प्रतारणा नव्हे. माहेरची ओढ कायम ठेवूनही सासरी जीव रमतोच. म्हणून घाई न करता जवळच्या मैदानावर जावे, तीन-चार सामने पाहावेत, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे. संघ हरल्यावर घरी परतताना ‘ते हरले’ असे न म्हणता ‘आपण हरलो’ असे शब्द सहज तोंडी आले, की निवड झाली असे समजावे.