आधी सभासद, मग खुर्च्या

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे काम घरी बसून करणारी तरुण मंडळी आता तालुक्याच्या गावांतही आहेत. कुणी डिझाइन करतो, कुणी भाषांतर, कुणी परगावच्या दुकानांचे हिशेब सांभाळते. घर लहान, ग्राहकाशी बोलताना मागे कुकरची शिटी, आणि ऐन मीटिंगमध्ये वीज जाते. अशा गावात सर्वांसाठी कोवर्किंगची, म्हणजे सामायिक कार्यालयाची जागा असावी, ही मागणी रास्त आहे. वाद आहे तो ती कुणी आणि कशी चालवावी याचा.

पहिला मार्ग धंद्याचा. बाजारपेठेत गाळा घ्यायचा, इन्व्हर्टर, एसी, ब्रॉडबँड बसवायचे आणि खुर्ची महिन्याच्या दराने द्यायची. याचे गुण नाकारता येत नाहीत. मालक एक असला की निर्णय झटपट होतात, बिघडलेला राउटर समितीच्या बैठकीची वाट पाहत नाही. पण हिशेब कठीण आहे. समजा, वीस खुर्च्या आहेत आणि दर दीड हजार. सगळ्या भरल्या तर तीस हजार येतात, निम्म्या भरल्या तर पंधरा. त्यातून भाडे, वीज आणि एका माणसाचा पगार भागवायचा. भाडे दरमहा ठरलेले. ग्राहक मात्र पुढच्या महिन्यात येईलच असे नाही. २०१० मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेली वीवर्क ही कोवर्किंग कंपनी जगभर पसरली, पण दीर्घ मुदतीचे भाडेकरार आणि अल्प मुदतीचे ग्राहक ही विसंगती तिलाही जड गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला.

दुसरा मार्ग सार्वजनिक वाचनालयाचा: कोवर्किंगची खोली तिथेच चालवायची. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे; महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर वाचनालयांची चळवळ खेड्यापाड्यांत पोहोचली. अनेक वाचनालयांकडे स्वतःची इमारत आहे, विश्वस्त आहेत आणि मुख्य म्हणजे गावाचा विश्वास आहे. मुलगी संध्याकाळी सातपर्यंत वाचनालयात बसते, याला घरचे सहसा हरकत घेत नाहीत.

पण इथलेही आक्षेप वजनदार आहेत. बहुतेक वाचनालयांची अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी भरलेली असते. एक जण प्रश्नपत्रिका सोडवतो आहे आणि शेजारची खुर्ची मोठ्याने ग्राहकाला दर समजावते आहे, हे चालणार नाही. शिवाय तुटपुंज्या अनुदानावर आणि त्याहून तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या ग्रंथपालाच्या गळ्यात हे नवे काम मारणे अन्यायाचे ठरेल. आणि पैसे देणारा आला की फुकट वृत्तपत्र वाचायला येणारे आजोबा हळूहळू कोपऱ्यात ढकलले जातात, ही भीतीही खोटी नाही.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचा कौल वाचनालयाकडे झुकतो, पण अटींसह. कोवर्किंगची खोली अभ्यासिकेपासून वेगळी असावी आणि तिला घट्ट लागणारे दार असावे. वाचनकक्षाची एकही खुर्ची कमी होऊ नये. व्यवस्थापनासाठी स्वतंत्र पगारी माणूस हवा आणि तो पगार वर्गणीतूनच निघावा. स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह पहिल्या दिवसापासून हवे. ज्याला महिनाभर परवडत नाही त्याला दिवसाच्या दराने बसता यावे.

मुख्य म्हणजे सुरुवात लहान करावी. ब्रॅड न्यूबर्गने २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कोवर्किंग सुरू केले, ते एका महिला केंद्राच्या जागेत, आठवड्यातून फक्त दोन दिवस, घडीच्या टेबलांवर. पहिल्या महिन्यात कुणीही फिरकले नाही, तरी खर्च आटोपशीर असल्यामुळे त्याला वाट पाहता आली. आपल्याकडेही दोन दिवसांपासून आरंभ करावा. पंधरा जण तीन महिन्यांची वर्गणी आगाऊ देत असतील तर फर्निचर घ्यावे; देत नसतील तर गावाची गरज अजून तेवढी नाही, असे समजून थांबावे.

जिथे वाचनालयाकडे जागाच नाही तिथे खासगी गाळ्याला पर्याय नाही. मात्र तिथेही ठोक भाड्याऐवजी जागामालकाला उत्पन्नातला हिस्सा देण्याचा करार करावा, म्हणजे मंदीचा भार एकट्याच्या डोक्यावर पडत नाही. एसी आणि राउटर पैसे टाकले की येतात. अडचणीच्या महिन्यातही वर्गणी भरणारे सभासद जमवायला वेळ लागतो, आणि तो वेळ गाळ्याचे भाडे सुरू होण्याआधीच दिलेला बरा.