सही तर आपलीच असते

मंडळी, आपल्या धंद्यात दर प्रोजेक्टला एक वाद ठरलेला असतो. एखादी गोष्ट स्वतः लिहायची की आयती विकत घ्यायची? त्यावर आपण दोन-दोन तास मीटिंगा करतो, एक्सेलच्या शीट बनवतो, वर मॅनेजरला प्रेझेंटेशन देतो. आणि हाच प्रश्न स्वतःच्या इन्कम टॅक्स रिटर्नचा आला की जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, कँटीनमध्ये, वडापाव संपायच्या आत निकाल लावून मोकळे होतो.

कँटीनमध्ये दोन पंथ आहेत. पहिला पंथ म्हणतो, "सीएला देऊन टाक, डोक्याला ताप नको." दुसरा म्हणतो, "पोर्टल फुकट आहे, सगळं आधीच भरून येतं, कशाला पैसे घालवतोस?" माझं मत दोन्ही पंथांना आवडणार नाही, पण शनिवार आहे आणि वेळ आहे, तर मांडतोच.

आधी सोपी बाजू. एकच कंपनी, एक फॉर्म १६, बचत खात्याचं आणि एफडीचं व्याज, बाकी काही भानगड नाही. अशा माणसाने रिटर्न स्वतः भरावं. आयटीआर-१ आहे, पोर्टलवर बहुतेक आकडे आयते येतात, ते फॉर्म १६, २६एएस आणि एआयएसशी ताडून बघायचे, आधारच्या ओटीपीने व्हेरिफाय करायचं, झालं. तासाभराचं काम. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

वाद सुरू होतो तो पुढे. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली, दोन फॉर्म १६ आले आणि दोन्ही कंपन्यांनी स्टँडर्ड डिडक्शन नि खालच्या स्लॅबचा फायदा वेगवेगळा दिला. परिणाम, कर कमी कापला गेला आणि वरून व्याज लागलं. म्युच्युअल फंड विकले. आणि आपल्या जातीचा खास रोग म्हणजे अमेरिकन कंपनीचे आरएसयू मिळाले! इथे सोपं रिटर्न अवघड होतं आणि इथेच माणसं घाबरून कुणाच्या तरी हाती फाइल देतात.

आमच्या टीममधल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगतो. आमच्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांची रिटर्न भरणारे एक गृहस्थ आहेत. यानेही फॉर्म १६ नि बँकेचं स्टेटमेंट त्यांना दिलं. त्यांनी आयटीआर-१ भरून टाकला. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये प्राप्तिकर खात्याचा मेसेज आला की तुमच्या परदेशी मालमत्तेची माहिती आमच्याकडे आली आहे, रिटर्न पुन्हा तपासा. तेव्हा खात्याने अशी मोहीमच काढली होती. भारत-अमेरिका यांच्यात २०१५ साली झालेल्या फाटका करारामुळे तिथल्या खात्यांची माहिती इकडे येते, हे आमच्यापैकी बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आता यात चुकलं कुणाचं? गृहस्थांना जेवढं दिलं तेवढं त्यांनी भरलं. मित्राला वाटलं, आरएसयूवरचा कर कंपनीने कापलाय, फॉर्म १६ मध्ये आकडा दिसतोय, मग आणखी सांगायचं काय? कुणी विचारलं नाही, याने सांगितलं नाही. पण ज्याच्याकडे परदेशी शेअर आहेत त्या रहिवासी माणसाला आयटीआर-१ चालतच नाही. आयटीआर-२ लागतो आणि त्यातलं शेड्यूल एफए भरावं लागतं. एकही शेअर विकला नसला तरी! ते न भरण्याबद्दल २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यात सूट आली, की घर-जमीन सोडून बाकीची परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड नाही. पण एकाच कंपनीत पाच-सहा वर्षं काढली आणि शेअर चढत गेला तर २० लाख ही काही फार मोठी रक्कम नाही. मित्राने डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भरलं आणि सुटला.

मला यातून दिसलं ते असं. सीएला कायदा माहीत असतो, पण तुमच्या वर्षात काय काय घडलं ते फक्त तुम्हालाच माहीत असतं. कायद्याचं ज्ञान विकत मिळतं, स्वतःच्या वर्षाची माहिती विकत मिळत नाही. आपल्या आया दळण गिरणीत द्यायच्या, पण गहू घरी निवडून द्यायच्या. गिरणीवाला खडे काढत बसत नाही. तो ते दळून देतो आणि नंतर कचकच आपल्याच दाताखाली येते.

एक उदाहरण आकड्यांत बघू, म्हणजे "निवडणं" म्हणजे काय ते कळेल. समजा तुमचे १० शेअर व्हेस्ट झाले, त्या दिवशी भाव १०० डॉलर. सोयीसाठी डॉलर सगळीकडे ८५ रुपयांना धरू. म्हणजे ८५,००० रुपये तुमच्या पगारात मिळवले गेले आणि कर भरण्यासाठी ३ शेअर तिथल्या तिथे विकले गेले. हातात उरले ७. सहा महिन्यांनी तुम्ही ते ११० डॉलरने विकले. तुमचा नफा किती? शेअरमागे १० डॉलर, म्हणजे ७० डॉलर, म्हणजे ५,९५० रुपये. कारण व्हेस्ट झालेल्या दिवसाचा भाव हीच तुमची खरेदी किंमत, त्यावर कर आधीच गेलाय. पण "शेअर फुकट मिळाले" असं समजून कुणी खरेदी किंमत शून्य धरली तर नफा दिसतो ६५,४५० रुपये. ३० टक्के स्लॅबमध्ये, सेस सोडून, पहिल्या हिशोबात कर १,७८५ रुपये आणि दुसऱ्यात १९,६३५. एकाच उत्पन्नावर दोनदा कर! आणि हे पोर्टल तुम्हाला सांगणार नाही. ते बिचारं तुम्ही टाकाल तो आकडा घेतं. परदेशी ब्रोकरकडची विक्री एआयएसमध्ये दिसेलच असंही नाही.

आणखी एक गंमत. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, पण शेड्यूल एफए भरायचं जानेवारी ते डिसेंबर या कॅलेंडर वर्षाप्रमाणे. २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४ ची मालमत्ता दाखवायची होती. म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हेस्ट झालेले शेअर त्या वर्षीच्या पगारात धरले गेले, पण त्या वर्षीच्या शेड्यूल एफएमध्ये नाहीत. शिवाय प्रत्येक व्हेस्टिंगची तारीख, तेव्हाची किंमत, वर्षातली सर्वाधिक किंमत, ३१ डिसेंबरची किंमत आणि त्या त्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट. लाभांश आला असेल तर तो वेगळा. डब्ल्यू-८बेन भरलेला असेल तर अमेरिकेत त्यातून २५ टक्के कापले जातात आणि त्याची वजावट इथे हवी असेल तर त्या वर्षासाठी फॉर्म ६७ निराळा.

वाचून दमलात ना? पण नीट बघा, यात अवघड असं काय आहे? कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही. तारखा, भाव, दर, गुणाकार. एक स्प्रेडशीट. आपण दिवसभर याहून भयंकर गोष्टी करतो. आणि ही शीट कुठलाही सीए तुमच्याइतकी चांगली बनवू शकणार नाही, कारण ब्रोकरच्या साइटचं लॉगिन तुमच्याकडे आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की रिटर्न अवघड असो की सोपं, पहिला मसुदा स्वतः करा. फॉर्म भरायलाच पाहिजे असं नाही, पण वर्षात काय कमावलं, काय विकलं, कुठे काय आहे याची शीट स्वतःची. मग ठरवा की पैसे देऊन माणूस हवा का. शीट करताना जिथे फक्त कंटाळा आला तिथे माणसाची गरज नाही. जिथे "हे असं धरायचं की तसं?" असा प्रश्न पडला तिथे आहे.

असे प्रश्न खरेच पडतात. तीन वर्षं ऑनसाइट राहून परत आलात तर त्या वर्षी तुमचा रहिवासी दर्जा काय, यावर परदेशातलं किती उत्पन्न इथे करपात्र ते ठरतं. तिथे ४०१(के) ठेवून आलात तर त्याचं काय करायचं? २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेला फ्लॅट विकलात तर इंडेक्सेशनशिवाय १२.५ टक्के की इंडेक्सेशनसह २० टक्के, यात कमी कोणता? फ्यूचर्स-ऑप्शन्स केलेत तर ते धंद्याचं उत्पन्न, आयटीआर-३ आला. मागच्या चार वर्षांत शेड्यूल एफए भरलंच नाही, आता कसं निस्तरायचं? किंवा सरळ नोटीसच आली. इथे इंटरनेटवर वाचून शहाणे होऊ नका. इथे चांगला सीए त्याच्या फीचा पै न् पै वसूल करून देतो आणि काही हजार वाचवण्यासाठी लाखांचा धोका घेणं म्हणजे निव्वळ कद्रूपणा.

पण त्याच्याकडे जायचं कधी? जुलैमध्ये नाही. जुलैमधला सीए म्हणजे रिलीजच्या आदल्या रात्रीचा डेव्हलपर. तुम्ही त्याला प्रेमाने काही विचारावं अशी ती वेळ नसते. आणि मुख्य म्हणजे जुलैत ठरवण्यासारखं काही उरलेलंच नसतं. परदेशी शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकला तर दीर्घ मुदतीचा नफा, १२.५ टक्के. २३ व्या महिन्यात विकला तर तुमच्या स्लॅबने, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना ३० टक्के. हा फरक विकायच्या दिवशी ठरतो, रिटर्नच्या दिवशी फक्त नोंदला जातो. त्यामुळे सल्ल्याचे पैसे द्यायचे ते जानेवारी-फेब्रुवारीत, काही विकायच्या आधी. जुलैत आपण देतो ते टायपिंगचे पैसे.

माणूस चांगला की नाही हे ओळखायची माझी एकच परीक्षा आहे. "माझ्याकडे आरएसयू आहेत" असं म्हटल्यावर तो पुढे काय विचारतो? जानेवारी ते डिसेंबरचं ब्रोकरचं स्टेटमेंट मागितलं तर बसा, चहा घ्या. नुसता फॉर्म १६ नि पोर्टलचा पासवर्ड मागितला तर नमस्कार करून उठा. आणि पोर्टलवर ईमेल नि मोबाइल तुमचाच आहे ना हेही आजच बघा. भरणाऱ्याचा असेल तर उद्या नोटीस त्याच्याकडे जाईल, तुमच्याकडे नाही.

"पण सीएला दिलं की जबाबदारी त्याची ना?" हा प्रश्न मला हमखास विचारतात. नाही हो. पगारदाराच्या साध्या रिटर्नवर सीएची सही नसतेच. ओटीपी तुमच्या फोनवर येतो, आणि तो देताना यातली माहिती खरी आणि पूर्ण आहे असं तुम्ही लिहून देता. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याने खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्यांवर देशभर कारवाई केली. त्यांच्या गिऱ्हाइकांत मोठमोठ्या कंपन्यांतले नोकरदारही होते. मोठा रिफंड मिळतोय म्हणून कुणी विचारलं नाही की बाबा, मी राजकीय पक्षाला देणगी कधी दिली? उत्पन्न चुकीचं दाखवल्याचा दंड कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो आणि तो करदात्याच्या पॅनवर लागतो, एजंटच्या नाही.

"वेळ नाही" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की शीट पहिल्या वर्षी एक अख्खा रविवार खाते. दुसऱ्या वर्षी चार ओळी वाढवायच्या असतात. १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू, त्यात कलमांचे नंबर बदललेले. म्हणून इथे कलमं मुद्दामच दिली नाहीत. पण तुमचे शेअर कोणत्या तारखेला, कोणत्या भावाला आले, हे कुठलाही नवा कायदा बदलणार नाही.

असो. बरंच लिहिलं. आज फक्त एक करा, ब्रोकरच्या साइटवर जाऊन मागच्या वर्षीचं जानेवारी ते डिसेंबरचं स्टेटमेंट उतरवून ठेवा. सीएकडे जायचं की नाही ते नंतर ठरवू, स्टेटमेंट दोन्हीकडे लागणारच आहे.